कॉलेजातून फोन आला, तर आधी पोराचं ऐका

कॅप राउंड संपले की कोल्हापूर जिल्ह्यातल्या खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांची हॉस्टेलं भरायला लागतात. गादी, बादली, लाडवाचा डबा घेऊन आई-वडील मुलांना सोडायला येतात. त्यात आपल्या वस्तीतली कुटुंबंही असतात. कुणाचे वडील इचलकरंजीत मागावर, कुणाचे शिरोलीच्या फाउंड्रीत, कुणाची आई महापालिकेत झाडकामाला. घरातलं पहिलं पोर इंजिनीअर व्हायला निघालेलं असतं. पहिल्या दिवशी पालकांना हॉलमध्ये बसवतात आणि स्टेजवरून एक वाक्य हमखास येतं, "आमच्याकडं शिस्त एकदम कडक आहे, तुम्ही निर्धास्त राहा." पालक समाधानानं मान डोलावतात.

मी नर्स. डिप्लोमा झाल्यावर बरीच वर्षं वॉर्डात काढली, आता वस्त्यांमधून आरोग्याचं काम करते. या पानावर आपण साखर, बीपी, अ‍ॅनिमिया, डेंग्यू यांबद्दल बोलत असतो. आज 'कडक शिस्त' या विषयावर बोलू, कारण तोही आरोग्याचाच विषय आहे.

शिस्त वेगळी, धाक वेगळा

शिस्तीला माझा विरोध नाही. वॉर्ड शिस्तीवरच चालतो. इंजेक्शन देण्याआधी पेशंटचं नाव, औषध, डोस, वेळ तपासायची म्हणजे तपासायचीच. हात धुवायचे म्हणजे धुवायचेच. ड्यूटी संपताना चार्ज नीट द्यायचा. यातल्या प्रत्येक नियमाचं कारण सांगता येतं, आणि तो शिकाऊ मुलीला लागू असतो तसा मोठ्या सिस्टरलाही लागू असतो. जिथं नुसता धाक असतो त्या वॉर्डात काय होतं, तेही आम्हाला माहीत असतं. तिथं चुका कमी होत नाहीत, त्या लपवल्या जातात. चुकीचा डोस गेला तर पोरगी घाबरून गप्प बसते, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

इंजिनीअरिंगलाही शिस्त हवी. वर्कशॉपमध्ये बूट आणि ॲप्रन हवा, रॅगिंगला थारा नको, परीक्षेत कॉपी नको. पण वेगवेगळ्या कॉलेजांतल्या मुलामुलींशी बोलले तेव्हा त्यांनी सांगितलेली यादी निराळीच होती. आयकार्ड गळ्यात नाही, दंड. दाढी वाढली, वर्गाबाहेर. पाच मिनिटं उशीर, दिवसभराची गैरहजेरी. डिफॉल्टर लिस्ट नावानिशी बोर्डावर आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सरांना उलट प्रश्न विचारला, की "टर्म वर्कला बघतो", "ओरलला भेट". मुलींच्या हॉस्टेलचं गेट दिवेलागणीला बंद. सगळ्याच कॉलेजांत असं चालतं असं मी म्हणत नाही. चांगले शिक्षक मुलांना नावानं ओळखतात, तेही मुलांनीच सांगितलं. पण ही यादी ज्याला अगदीच अनोळखी वाटली असा एकही विद्यार्थी मला भेटला नाही.

शिस्त की धाक, हे ओळखायला तीन प्रश्न पुरेसे आहेत. नियम कारणासह लेखी आहे का? तो सगळ्यांना सारखा आहे का? शिक्षा चुकीची वाटली तर दाद मागायला जागा आहे का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर तो धाक.

हे कडकपण आलं कुठून?

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना सरकारनं विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी कोल्हापुरात केआयटी आणि वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचं कॉलेज सुरू झालं. पुढच्या वर्षी कसबा बावड्यात डी. वाय. पाटील कॉलेज आलं. पुढं यादी वाढत गेली. खेड्यापाड्यातली मुलं पुण्या-मुंबईला न जाता इंजिनीअर झाली, हे या कॉलेजांचं श्रेय आहे. हा लेख त्यांपैकी कुठल्या एका कॉलेजाबद्दल नाही.

मात्र विनाअनुदान याचा अर्थ कॉलेज फीवर चालतं. फी भरणारे पालक. त्यामुळं पालकांना दाखवायला निकाल लागतो, प्लेसमेंट लागते आणि शिस्त लागते. शिस्त ही जाहिरातीतली गोष्ट होते. पालक जितकी मान डोलावतात तितका धाक वाढतो. म्हणूनच तो कमी करण्याची ताकदही पालकांच्या हातात आहे. हे आपल्याला कुणी सांगत नाही.

तीन आया

६ जानेवारी २०१७. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या पांबाडीच्या नेहरू इंजिनीअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकणारा १८ वर्षांचा जिष्णू प्रणॉय हॉस्टेलमध्ये मरण पावला. परीक्षेत कॉपी केल्याचा आरोप ठेवून त्याला त्रास दिला गेला, असं त्याच्या घरच्यांचं आणि मित्रांचं म्हणणं होतं. कॉलेजनं ते नाकारलं. कॉपीची तक्रार मात्र विद्यापीठाकडं पोचलेलीच नव्हती. त्यानंतर केरळभर खासगी कॉलेजांतली मुलं दंडाबद्दल आणि अपमानाबद्दल उघड बोलू लागली. सरकारला खासगी कॉलेजांतल्या प्रश्नांचा अभ्यास करायला न्यायमूर्ती के. के. दिनेशन यांची समिती नेमावी लागली. जिष्णूची आई महिजा न्यायासाठी तिरुवनंतपुरमला पोलिस मुख्यालयासमोर बसली, तिथून पोलिसांनी तिला ओढून नेलं. शेवटी तपास सीबीआयकडं गेला.

आपल्या वाचकांना रोहित वेमुला आणि पायल तडवी ही नावं सांगायला नकोत. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित गेला. २२ मे २०१९ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल गेली. रोहितची आई राधिका आणि पायलची आई आबेदा या दोघींनी २०१९ मध्ये मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. उच्च शिक्षणसंस्थांमधला जातिभेद थांबवणारी यंत्रणा कागदावर न राहता खरोखर चालावी, ही त्यांची मागणी. १२ फेब्रुवारी २०२३ ला पवईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाचा दर्शन सोलंकी गेला. संस्थेच्या समितीला जातिभेदाचा थेट पुरावा मिळाला नाही, त्याच्या कुटुंबानं तो निष्कर्ष मान्य केला नाही.

आत्महत्येमागं सहसा एकच कारण नसतं, हे नर्स म्हणून मला सांगायलाच हवं. अनेक ओझी एकत्र येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. या आकड्यात सगळ्या जातिधर्मांची, शाळेपासून कॉलेजपर्यंतची मुलं आहेत.

महिजा, राधिका, आबेदा या आया लेकरं गेल्यावर व्यवस्थेसमोर ठाम उभ्या राहिल्या. आपल्याला तसंच उभं राहायचं आहे, पण लेकरू समोर असताना.

धाक शरीरात कुठं बसतो

माणूस घाबरला की शरीर ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं. छाती धडधडते, पोटाचं काम मंदावतं, हातापायाला घाम सुटतो. कुत्रं मागं लागलं तर पळायला हे उपयोगी. पण कुत्रं रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच मागंच असेल तर? शरीर निवांत होतच नाही. मग झोप तुटते, जेवण जात नाही, पित्त होतं, परीक्षेच्या सकाळी जुलाब लागतात, डोकं दुखतं, मुलींची पाळी पुढं-मागं होते. मेसच्या जेवणाला आणि हवामानाला दोष देऊन आपण गोळी देतो. महिनाभर गोळ्या घेऊन फरक पडत नसेल तर पोटाबरोबर मनाचीही चौकशी करायला हवी.

अपुऱ्या झोपेचा पहिला मार स्मरणशक्तीवर बसतो. पोर तासन्‌तास पुस्तक घेऊन बसतं आणि डोक्यात काही राहत नाही. मग केटी लागते. केटी लागली म्हणून धाक वाढतो, धाक वाढला म्हणून झोप जाते. असं करत वायडी लागते, म्हणजे वर्ष वाया. 'अभ्यास कर' असं ओरडून हे चक्र तुटत नाही.

आणखी तीन गोष्टी मी मुद्दाम विचारते. पहिली, पाणी. प्रॅक्टिकलला मध्येच उठू देत नाहीत, बाथरूम स्वच्छ नसतं, म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवी रोखून धरतात. त्यातून लघवीला जळजळ, जंतुसंसर्ग आणि ताप. दुसरी, आजारपणातली हजेरी. पंचाहत्तर टक्क्यांच्या भीतीनं मुलं तापातही वर्गात बसतात. आपल्याकडं पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर डेंग्यू असतो. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जास्त धोक्याचे असतात. नेमका तेव्हाच 'बरं वाटतंय' म्हणून पोर कॉलेजला पळतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून वा नाकातून रक्त, खूप ग्लानी यातलं काहीही दिसलं तर हजेरी बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. तिसरी, रात्रीचं आजारपण. रात्री त्रास झाला तर गेट कोण उघडतं, गाडी कुणाची, हे हॉस्टेल घेतानाच विचारून त्या माणसाचा नंबर लिहून घ्या.

फोन येतो तेव्हा

कॉलेजच्या धाकाचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे घरी केलेला फोन. दंड पोर कसाबसा भरतं, बाहेर उभं राहणं सोसतं. "घरी फोन लावू का?" म्हटलं की मोडतं. कारण घरी काय होणार ते त्याला माहीत असतं.

फोन येतो तेव्हा बाप कामावर असतो. पलीकडं 'एचओडी' असतात, साहेबी मराठीत बोलतात. आपल्या माणसाला आपण शिकलेलो नाही याची लाज असतेच. तो उभ्या उभ्या म्हणतो, "व्हय सर, चुकलं सर, तुम्ही मारा त्याला, आमचं काय म्हणणं न्हाई." मग पोराला फोन, "आम्ही हितं रक्त आटवतोय आणि तू तिथं दिवे लावतोयस." आई म्हणते, "सायबांचं ऐकून घे की रं, उगं तोंड वर करू नगंस." त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. शिक्षणानंच आपल्याला माणसात आणलं, म्हणून शिक्षकाचा शब्द आपल्याला शेवटचा वाटतो. पण त्या पाच मिनिटांत पोराच्या बाजूनं उभं राहणारं शेवटचं माणूसही पलीकडं गेलेलं असतं. एका मुलानं मला सांगितलं, "ताई, त्या दिवसापासून मी घरी 'सगळं बरं आहे' एवढंच सांगतो." घरात सगळ्यात जास्त काळजी करायला लावणारं वाक्य हेच आहे.

मग काय बोलायचं? कॉलेजला शांतपणे एवढंच, "सर, कळवलंत बरं केलंत. मी मुलाशी बोलतो आणि तुम्हाला भेटायला येतो. काय घडलं ते आणि कुठला नियम मोडला ते लेखी द्या." 'मारा' हा शब्द कधीच नको. मग मुलाला फोन. पहिलं वाक्य, "जेवलास का?" दुसरं, "काय झालं ते तुझ्याकडनं ऐकायचंय." तिसरं, "काहीही झालं तरी घर तुझं आहे." चुकलं असेल तर त्यावर नंतर बोलता येतं. रविवारी सवड काढून जाऊन या. फोनवर न सांगितलेलं पोर चहाच्या गाड्यावर सांगतं.

पैशाचा काच

आपल्या मुलांवर धाकाचा दुसरा दोर पैशाचा असतो. वर्गात येऊन "स्कॉलरशिपवाल्यांनी उभं राहा" म्हणणं, फी राहिली म्हणून हॉल तिकीट अडवणं, असे अनुभव मुलं सांगतात. अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. पात्र विद्यार्थ्याकडून शिष्यवृत्तीत बसणारी फी प्रवेशावेळी आगाऊ मागू नये, असे राज्याचे आदेश आहेत. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवण्यालाही यूजीसीनं २०१८ मध्ये मनाई केली आहे.

इथं आपल्या घरांनीही एक काळजी घ्यायची. शिष्यवृत्तीची रक्कम आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि त्यात कॉलेजची फी असते. घरात आजारपण निघतं, पत्रा बदलायचा असतो, आणि ते पैसे खर्च होतात. मग कॉलेज पोराला धरतं आणि पोर घरी बोलू शकत नाही. खात्यात पैसे आले की आधी फी भरा, पावती घ्या. महाडीबीटीचा अर्ज वेळेत झाला का, कॉलेजनं तो पुढं पाठवला का, हे महिन्यातून एकदा पाहा. अर्ज अडला असेल तर विचारे माळ इथल्या सामाजिक न्याय भवनात समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडं लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

कायदा आपल्या बाजूनं

२४ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. २५ जुलै २०२५ ला विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयानं देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. शिक्षकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं, वंचित समाजातल्या मुलांशी कसं वागावं तेही त्यात हवं. चारचौघांत अपमान करणं टाळावं. मदतीचे नंबर हॉस्टेलमध्ये मोठ्या अक्षरात लावावेत.

यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनुसार भेदभावाची तक्रार ऐकायला वेगळा अधिकारी हवा. २०२३ च्या नियमांनुसार कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिच्यावर किमान एक महिला आणि किमान एक प्रतिनिधी अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गाचा हवा. पालक सभेत उठून एवढंच विचारा, "समुपदेशकाचं नाव काय? समितीवर कोण आहे?" एकट्यानं विचारायला अवघड वाटत असेल तर पाच पालकांनी सह्या करून पत्र द्या.

खुणा ओळखा, विचारा, सोबत राहा

या खुणा दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकल्या तर दुर्लक्ष नको:

– झोप फार कमी किंवा फार जास्त, जेवण सुटणं, वजन उतरणं.
– अंघोळ, कपडे, केस यांकडं लक्ष नसणं. मित्रांत न मिसळणं.
– फोन न उचलणं, सुट्टीतही घरी न येणं.
– चिडचिड, विनाकारण रडू, दारू वा नशेची नवी सवय.

आणि या खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबू नका: "मी तुमच्यावर ओझं आहे", "आता सुटका हवी" असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखे मेसेज, खूप दिवसांच्या बेचैनीनंतर अचानक एकदम शांत होणं.

अशा वेळी सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका. त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये मानसोपचार विभागात न्या किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. रात्र असेल तर तातडीच्या विभागात. 'टेली-मानस'चा नंबर १४४१६. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केलाच, तर पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानतो. त्याला शिक्षा नाही, उपचार मिळायला हवेत.

हॉस्टेल ही गोष्ट कोल्हापूरला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं समाजासमाजासाठी वसतिगृहं उभी केली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू झालं. घरापासून लांब आलेल्या पोराला जेवण, जागा आणि मान मिळाला तर ते शिकतं, एवढा साधा विचार त्यामागं होता. आज हॉस्टेलची फी भरताना आपण जेवण आणि जागा तपासतो. मानाची चौकशीही करायला हवी.

ज्यांची मुलं कॉलेजात आहेत अशा पालकांनी महिन्यातल्या एका रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास एकत्र बसावं. कुणाचा अर्ज अडलाय, कुणाचं पोर गप्प झालंय, कुणाला कॉलेजात सोबत हवी आहे, एवढंच बोलावं. शिकून नोकरीला लागलेल्या मुलामुलींनीही तिथं यावं. वायडी लागूनही सावरलेले त्यांच्यात असतील, त्यांचं ऐकून नव्या पोरांना धीर येतो. आणि आज हे पान वाचून झालं की पोराला एक फोन करा. मार्कांचं काही विचारू नका, जेवला का एवढंच विचारा.